‘शोध’ एक, अर्थ दोन

‘डिस्कव्हरी’ आणि ‘इन्व्हेन्शन’ यांचा अर्थ एकच, हा समज आपल्याकडे रुजला याला आपलाच ‘शोध’ हा शब्द बराचसा कारण आहे. गुरुत्वाकर्षणाचा शोध लागतो आणि वाफेच्या इंजिनाचाही. वस्तुस्थिती अशी की, जे आधीपासून होते पण ठाऊक नव्हते ते उमगणे म्हणजे डिस्कव्हरी आणि जे नव्हतेच ते घडवणे म्हणजे इन्व्हेन्शन. अहिल्यानगरच्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या, भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असताना नेहरूंनी १९४४ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात ‘डिस्कव्हरी’ आहे ती याच अर्थाने. देश होताच, तो नव्याने उमगत होता. तिथे ‘इन्व्हेन्शन’ घालून पाहा, भारत ही लेखकाने रचलेली गोष्ट ठरेल. ‘आविष्कार’ हा शब्दही इथे कामाचा नाही. हिंदीत तो इन्व्हेन्शनला चालतो, मराठीत मात्र आविष्कार होतो तो कलेचा.

हा भेद शब्दकोशापुरता आहे, व्यवहारात त्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते मालकीच्या प्रश्नात. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार निसर्गात असलेला पदार्थ वा सजीव नुसता शोधून काढला म्हणून पेटंट मिळत नाही. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या घराघरांत ठाऊक असलेली गोष्ट कोणाचे इन्व्हेन्शन कशी होईल? यावर दुसरा आक्षेप असा की, सीमारेषा नेहमी इतकी स्पष्ट नसते. हे खरे आहे. १९२८ मध्ये फ्लेमिंगला बुरशीचा जीवाणूनाशक गुण दिसला, ती डिस्कव्हरी. पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर तयार करण्याच्या पद्धती नंतर माणसांनी घडवल्या. पण एकाच औषधाच्या इतिहासात दोन्ही गोष्टी असल्या, तरी त्या दोन वेगळ्या पायऱ्याच राहतात.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी सांभाळलेल्या गावठी वाणांना तर यांतला एकही शब्द बसत नाही. ती वाणे त्यांनी घडवली नाहीत, की अज्ञातातून शोधलीही नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या शेतात असलेले बी त्यांनी राखले, आणि त्याला मराठीत नेमका शब्द आहे: जतन. असे बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि ब्रँडविना विकण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेला आहे.