गधैया नाणी

गधैया नाणी ही पूर्वमध्ययुगात पश्चिम व मध्य भारतात प्रचलित असलेली, इराणच्या ससानी (सासानियन) राजांच्या नाण्यांवरून घडवलेली चांदीची नाणी होत. त्यांचा काळ स्थूलमानाने इ.स.च्या सहाव्या-सातव्या शतकापासून बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत मानला जातो. गुजरात, राजस्थान, माळवा आणि महाराष्ट्राचा काही भाग हे त्यांचे मुख्य प्रचलनक्षेत्र. इंडो-ससानियन नाणी या व्यापक गटातील हा उत्तरकालीन आणि सर्वाधिक संख्येने आढळणारा प्रकार आहे. बहुसंख्य गधैया नाण्यांवर राजाचे नाव नाही, टांकसाळीचा उल्लेख नाही, वर्षही नाही. त्यामुळे त्यांचे वर्गीकरण हा भारतीय नाणकशास्त्रातील अवघड प्रश्नांपैकी एक ठरला आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे एक नामांकित नाणे या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.

नाव

‘गधैया’ हे नाव नाण्यांवर आढळत नाही. ते लोकव्यवहारातून आले. उत्तरकालीन नाण्यांवरील विद्रूप मस्तक गाढवाच्या तोंडासारखे दिसते म्हणून हे नाव पडले, अशी एक समजूत आहे. दुसरी व्युत्पत्ती विक्रमादित्याचा पिता गर्दभिल्ल किंवा गंधर्वसेन याच्या दंतकथेशी जोडली जाते. दोन्हींना समकालीन आधार नाही. तत्कालीन लेखांत चांदीच्या नाण्याला ‘द्रम्म’ म्हणत. हा शब्द ग्रीक ‘द्राख्मे’पासून आला असून मराठीतील ‘दाम’ त्याच कुळातला आहे. शिलाहारकालीन दानलेखांच्या शिळांवर कोरल्या जाणाऱ्या गधेगाळाशी या नाण्यांच्या नावाचा संबंध नाही. तेथील गाढव दान मोडणाऱ्याला दिलेल्या शिवीचे चित्र आहे.

उगम

ससानी द्रम्म हे पातळ, रुंद आणि सुमारे चार ग्रॅम वजनाचे नाणे होते. दर्शनी बाजूस मुकुटधारी राजाचे उजवीकडे पाहणारे मस्तक आणि मागील बाजूस दोन सेवकांमध्ये पेटती अग्निवेदी अशी त्याची रचना असे. राजा पेरोझ (इ.स. ४५९–४८४) याला हूणांशी झालेल्या युद्धांत वारंवार हार पत्करावी लागली. खंडणीच्या रूपाने त्याची असंख्य नाणी हूणांच्या हाती गेली आणि अखेर रणांगणावरच त्याचा मृत्यू झाला. हूणांनी पंखयुक्त मुकुट असलेल्या पेरोझच्या नाण्यांच्याच धर्तीवर आपली नाणी पाडली आणि त्यांच्याबरोबर हा घाट वायव्येकडून राजस्थान-गुजरातेत उतरला. पराभूत राजाची प्रतिमा त्याच्या मृत्यूनंतर सहाशेहून अधिक वर्षे परक्या देशात चलनात राहिली, हे नाण्यांच्या इतिहासातील एक विलक्षण उदाहरण म्हणावे लागेल.

रूपातील बदल

प्रत्येक पिढीतील ठसे कोरणारा कारागीर मूळ नाणे नव्हे, तर आधीच्या नकलेची नक्कल करीत होता. अग्निवेदी म्हणजे काय हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परिणामी मुकुटाचे पंख तुटक रेषांत विरले. डोळा एक ठिपका, तर नाक व ओठ दोन-तीन फटकारे होऊन बसले. खांदे व कंठहार यांची जागा ठिपक्यांच्या ओळींनी घेतली. मागील बाजूची वेदी आडव्या रेषांची उतरंड बनली आणि तिच्या दोन्ही बाजूंचे सेवक ठिपक्यांच्या उभ्या काठ्यांसारखे उरले. वरच्या भागातील सूर्य व चंद्रकोर मात्र बराच काळ ओळखू येतात. ही चिन्हे भारतीय डोळ्यांना परिचित होती, हे त्याचे कारण असावे. त्याच वेळी नाणे आकाराने लहान आणि जाड होत गेले.

या बदलाला जुन्या ग्रंथांत ‘ऱ्हास’ म्हटले आहे. तो शब्द चित्रकलेपुरता खरा आहे. नाण्याचे वजन मात्र दीर्घकाळ चार ग्रॅमच्या आसपासच राहिले. घेणाऱ्याला चित्राचा अर्थ नको होता. नेहमीचे नाणे हवे होते. चित्र बदलले असते तर सराफाने प्रत्येक नाणे नव्याने कसोटीला लावले असते. चांदीचा कस उतरत गेला हे खरे असले, तरी तो सर्व प्रदेशांत एकाच गतीने उतरला नाही.

वर्गीकरण

ही नाणी ससानी नाण्यांपासून निघाली, हे जेम्स प्रिन्सेप यांच्या पिढीने एकोणिसाव्या शतकातच ओळखले होते. त्यानंतर बराच काळ ‘जितके चित्र विद्रूप तितके नाणे उशिराचे’ हा एकच नियम वापरला गेला. तो अपुरा आहे. एकाच काळात एका टांकसाळीत सुबक आणि दुसरीत ओबडधोबड ठसे असू शकतात. आजचा अभ्यासक जाडी, व्यास, वजन, कस, मस्तकाची घडण, वेदीवरील रेषांची रचना आणि सुटी अक्षरे वा चिन्हे यांचा एकत्र विचार करतो. जॉन डेयेल यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला उत्तर भारताच्या मध्ययुगीन चलनावरील ग्रंथ आणि २०१० मधील के. के. माहेश्वरी यांचा केवळ या नक्कल-नाण्यांना वाहिलेला ग्रंथ हे या विषयातील महत्त्वाचे टप्पे होत. डेयेल यांच्या मांडणीला अर्थकारणाचीही बाजू आहे. गुप्तकाळानंतर नाणी व व्यापार ओसरले, या रामशरण शर्मा यांच्या सिद्धान्तापुढे त्यांनी पूर्वमध्ययुगीन नाण्यांच्या विपुल संख्येचा पुरावा ठेवला.

निनावी मालिकेला काळाचे खुंटे मारून देतात ती नामांकित नाणी. प्रतीहार राजा भोज (नववे शतक) याच्या ‘श्रीमदादिवराह’ द्रम्मावर एका बाजूस वराहावतार, तर दुसरीकडे लेखाखाली अग्निवेदीचा अवशेष आहे. बाराव्या शतकात शाकंभरीच्या चाहमान अजयराजाची राणी सोमलदेवी हिच्या नावाची नाणी गधैया घाटाची आहेत. या दोहोंच्या मधल्या काळातील खुंटा कोकणात सापडतो.

उत्तर कोकणातील नाणी

आजचे मीरा-भाईंदर शहर साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीच्या दक्षिणेस आहे. हा सर्व प्रदेश शिलाहारांच्या राज्यात होता. त्यांची राजधानी श्रीस्थानक म्हणजे ठाणे, आणि साष्टीचे लेखांतील नाव षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचा विषय. आठव्या शतकाच्या आरंभी नाशिक-कोकण भागात वेगळेच नाणे चालत असे. भोगशक्तीच्या अंजनेरी ताम्रपटात उल्लेखलेले ‘कृष्णराजरूपक’ हे कलचुरी राजा कृष्णराजाचे छोटे चांदीचे नाणे असून त्याचा घाट क्षत्रप-त्रैकूटक परंपरेतला आहे. ससानी घाट येथे नंतर आला.

शिलाहार राजा छित्तराज (सुमारे इ.स. १०२२–१०३५) याची गधैया घाटाची चांदीची नाणी मिळाली असून त्यांवर त्याचे नाव नागरी लिपीत आहे. शके ९४८ (इ.स. १०२६) चा भांडुप ताम्रपट याच राजाचा, त्यात षट्षष्टीतील एका शेताचे दान नोंदवले आहे. अंबरनाथचे शिवमंदिर त्याच्या कारकिर्दीत सुरू होऊन त्याचा भाऊ मुम्मुणी याने इ.स. १०६० मध्ये पूर्ण केले, असे मानतात. राजाचा काळ ताम्रपटाने ठरलेला असल्यामुळे त्याच्या नाण्याची जाडी, मस्तकाची शैली आणि वेदीची ठेवण हीही अकराव्या शतकाच्या पूर्वार्धाची ठरते. त्याच शैलीची निनावी नाणी मग त्याच्या आगेमागे लावून पाहता येतात. द्रम्माचा व्यवहार येथे पुढेही चालू होता. अपरादित्य दुसरा याच्या परळ येथील शिलालेखात (सुमारे इ.स. ११८७) षट्षष्टीतील माहुल गावच्या एका वाडीच्या उत्पन्नापैकी २४ द्रम्म देवपूजेसाठी लावून दिले आहेत.

संग्रह, नोंद आणि कायदा

गधैया नाणी विपुल असल्याने बाजारात तुलनेने स्वस्त मिळतात आणि अनेक संग्राहकांची सुरुवात त्यांच्यापासून होते. अभ्यासाची हानीही येथेच होते. नाव असलेले नाणे निधीतून वेगळे काढले तरी आपली ओळख सांगते. निनावी नाण्याची ओळख मात्र ते कोठे, कोणत्या भांड्यात, कोणत्या नाण्यांसोबत सापडले यातच असते. निधी फोडून विकला गेला की त्यातील प्रत्येक नाणे केवळ ‘गधैया, चांदी’ एवढेच उरते. काही निधी तर सोनाराच्या मुशीत गेले. म्हणूनच साध्यातल्या साध्या संग्रहातही प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि प्राप्तिस्थान यांची नोंद आवश्यक मानली जाते. प्राप्तिस्थान विक्रेत्याने सांगितलेले असेल, तर तसेही नोंदवावे लागते.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. साष्टीच्या उत्तर भागात पायाखोदाईत काही सापडल्यास ते ठाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ठेव्यावर मूळ मालकाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर शोधकास तीन चतुर्थांश व जागामालकास एक चतुर्थांश वाटा मिळू शकतो; मात्र शासन किंमत देऊन तो ठेवा संपादन करू शकते. माहिती दडवणाऱ्या शोधकास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांची खासगी निर्यात निषिद्ध असून त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो. महाराष्ट्रात या विषयाच्या अभ्यासाचे एक केंद्र नाशिकजवळ अंजनेरी येथे आहे. तेथील नाणकशास्त्र संशोधन संस्था १९८० मध्ये परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली.