रंगाखालचे काम

मोटारीस नवा रंग द्यावयाचा म्हटले की गिऱ्हाइकाचे सारे लक्ष छटेकडे लागते आणि मजुरीची घासाघीसही तिच्यावरूनच होते. परंतु डेंटिंग-पेंटिंगच्या एखाद्या गॅरेजात दोन घटका उभे राहून पाहणाऱ्यास असे आढळून येईल की, रंगाची गन हाती धरण्याची वेळ येईतो कामाचा बहुतांश उरकलेला असतो, आणि तो म्हणजे घासणे, भरणे, पुन्हा घासणे आणि अस्तर चढविणे. वरवर पाहता हे निव्वळ पूर्वतयारीचे हमालीकाम वाटते. वस्तुतः कारागिराची परीक्षा येथेच होते. कारण चकाकणारा रंग खालचा दोष झाकीत नाही, तो उलटलेल्या साक्षीदाराप्रमाणे भर चव्हाट्यावर जबानी देतो. निस्तेज पत्र्यावर जो उथळ खळगा नजरेस जाणवलाही नसता, तोच चकाकी येताच दिव्याचे प्रतिबिंब वाकवून दाखवितो.

या कामाचा खरा कस मुंबईत पाहावयास मिळे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी, २०२३च्या ऑक्टोबरात तिची टॅक्सी कायमची बरखास्त होईपर्यंत, समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोशीत होती. त्यातून दारांचे तळ आणि चाकांवरच्या कमानी हे गंजाचे ठरलेले मुक्काम. गंज सच्छिद्र असतो, ओल आणि क्षार धरून ठेवतो, त्यामुळे त्यावर थेट रंग मारला तर आतील क्षय चालूच राहून काही काळाने वर फोड येतात. म्हणून तो खरवडून पत्रा उघडा पडेपर्यंत घासावे लागते, आणि उघडा पत्रा पावसाळ्यात रात्रभर तसाच टाकला तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक चढलेली असते. सबब अस्तर त्याच दिवशी देणे भाग पडते. पूर्वी हे काम रेड ऑक्साइडवर भागे, आता इपॉक्सी प्रायमर वापरतात.

पुट्टीचे प्रकरण थोडक्यात सांगता येईल. पत्रा ठोकून शक्य तितका सरळ केल्यावर जी उणीव उरते तेवढीच तिने भरावयाची. तिच्यात शेकडा दोनच्या आसपास हार्डनर मिसळतात. घाईने तो जास्त घातला, तर पुढे वरच्या रंगावर डाग उमटतात. शिवाय ही पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी.

घासण्याचा कागद नंबरांच्या क्रमाने वापरावयाचा. ऐंशी नंबरच्या भरड कागदाचे ओरखडे एकशे ऐंशीने पुसावे, त्याचे तीनशेवीसने, आणि असेच पुढे. मधली पायरी गाळणाऱ्यास त्या दिवशी काहीच वावगे दिसत नाही, कारण अस्तराने ओरखडे भरून काढलेले असतात; परंतु थिनर हळूहळू उडून जातो, थर आकसतो आणि गाडी मालकाच्या दारी उभी असताना त्या रेघा वर येतात.

पाण्यात भिजवून घासता येणारा कागद अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने १९२१च्या सुमारास बाजारात आणला. त्या काळी रंगात शिसे असे, आणि कोरड्या घासणीची धूळ कामगारांच्या छातीत जाई. पाण्याने ती बसविली. आजच्या टू-के प्रायमरच्या हार्डनरमधील आयसोसायनेटपासून मात्र नाकावर बांधलेला रुमाल काडीचेही रक्षण करीत नाही, आणि तरीही आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी रुमालावरच भिस्त ठेवली जाते, हे निमूटपणे पाहण्याजोगे नाही.

सर्वांत रमणीय भाग सरफेसरनंतरचा. या जाड अस्तराचे दोन-तीन हात देऊन ते वाळले की मिस्त्री त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवितो आणि मग सपाट ठोकळ्याला कागद गुंडाळून तिरप्या, लांब हातांनी घासू लागतो. नुसत्या बोटांनी घासले तर पन्हळी पडतात, म्हणून ठोकळा. उंचवट्यावरचा काळा रंग आधी जातो, खोलगटात तो टिकून राहतो. अशा रीतीने पृष्ठभागाचा सगळा जमाखर्च दप्तरी नोंदल्यासारखा समोर येतो. काळे उरले तेथे पुन्हा भरावयाचे, पत्रा चमकला तेथे पुन्हा अस्तर द्यावयाचे. मधूनमधून मिस्त्री तळव्याखाली पातळ फडके धरून, बहुधा डोळे मिटून, पत्र्यावरून हात फिरवितो; घर्षण कमी झाल्याने नजरेने न पकडलेला उंचवटा तळव्यास कळतो. एवढा खटाटोप करून शेवटी अंगावर जे अस्तर उरते त्याची जाडी केसाहूनही कमी भरते. उरलेले सारे पाण्याबरोबर गटारात गेलेले असते, आणि बिलात त्याचे कलम नसते.

अलीकडे कंपन्यांच्या वर्कशॉपांत हवेवर फिरणारी घासणीयंत्रे आली आहेत, आणि सपाट भागापुरता त्यांचा वेग निर्विवाद आहे. तथापि दाराची दुमडलेली कड, मुठीमागची खोबण, बॉनेटची धार येथे त्यांची चकती पोहोचत नाही. तेथे कागद दुमडून बोटांनीच घासावे लागते, आणि नव्या रंगाचे पापुद्रे प्रथम सुटतात ते बहुतेक याच जागांवरून.