पेशवे दफ्तर

पेशव्यांच्या राज्यकारभारातील कागदपत्रांचा पुणे येथील संग्रह. तो महाराष्ट्र शासनाच्या पुणे पुराभिलेखागारात जतन केलेला आहे. कलकत्ता येथे १८९१ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे नवी दिल्लीस हलविलेल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मुख्यत्वे भारत सरकारचे अभिलेख आहेत; मराठी राज्याच्या अंतर्गत कारभाराचे सर्वांत मोठे साधन मात्र पेशवे दफ्तर हेच होय. कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यास रुमाल म्हणतात. येथील रुमालांची संख्या सु. ३५ हजार असून त्यांपैकी सु. २७ हजार मराठी, बहुतांशी मोडी लिपीतील, आहेत. उरलेल्यांत इंग्रजी कागद अधिक असून गुजराती, फार्सी व कन्नड कागद थोडे आहेत.

पेशव्यांच्या सचिवालयास हुजूर दफ्तर म्हणत. त्याच्या चालते दफ्तर व एकबेरीज दफ्तर या प्रमुख शाखा होत्या. पहिलीत फडणिसाच्या देखरेखीखाली रोजचे व्यवहार नोंदले जात. दुसरीत सर्व खात्यांच्या हिशेबांचे वर्गीकरण करून वार्षिक गोषवारे तयार होत. नाना फडणीस यांच्या काळात दफ्तराची शिस्त उत्तम होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत ती ढासळली.

पेशवाई १८१८ मध्ये संपुष्टात आल्यावर हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. महसूल, वतने व इनामे यांविषयीचे दावे पारखण्यास त्यांना ते आवश्यक वाटले. इनाम कमिशनने (१८४३–६३) करमुक्त जमिनींच्या हक्कांची चौकशी केली, तेव्हा दफ्तरातील नोंद हा निर्णायक पुरावा ठरला. पुरावा न मिळाल्यास पिढ्यान्‌पिढ्या उपभोगलेले इनाम खालसा होऊ शके. त्यामुळे इनामदारवर्गात तीव्र असंतोष पसरला. पुढे हा संग्रह ‘एलिएनेशन ऑफिस’ या कचेरीकडे राहिला. त्याची सध्याची दगडी इमारत १८८८–९१ या काळात बांधण्यात आली.

दफ्तराची मांडणी कारभाराच्या सोयीने झालेली आहे. गावांच्या नावांप्रमाणे नव्हे. रोजकीर्द म्हणजे दैनंदिन जमाखर्चाची वही. घडणीत त्याच नोंदी विषयवार लावलेल्या असतात. प्रांत अजमासात त्या त्या प्रांताच्या जमाखर्चाचा अंदाज असतो. जमाव या विभागात बहुतांशी निरनिराळ्या प्रांतांतून गोळा केलेले कागद आहेत. म्हणून एखाद्या गावाचा शोध घेणाऱ्याने प्रथम त्याचा प्रांत, नंतर वर्ष व शेवटी कागदाचा प्रकार ठरवावा लागतो. उदा., मीना नदीकाठचे नारायणगाव व त्याजवळील नारायणगड किल्ला यांची माहिती जुन्नर प्रांताच्या कागदांत शोधावी लागते. किल्ल्याचा खर्च, गावचा वसूल आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाचा तंटा हे विषय वेगवेगळ्या रुमालांत विखुरलेले असू शकतात. कालगणनेतही फसली, अरबी व शक ही सने आढळतात. त्यांचा मेळ घातल्याशिवाय कागदाचा काळ निश्चित होत नाही.

हक्काचे पुरावे हाती पडून नवे दावे उभे राहतील, या भीतीने सरकारने दीर्घकाळ अभ्यासकांना दफ्तरात मुक्त प्रवेश दिला नाही. अपवाद म्हणून गणेश चिमणाजी वाड यांना उतारे घेण्याची परवानगी मिळाली. सातारचे राजे व पेशवे यांच्या रोजनिशींतील त्यांचे वेचे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले व त्यांस न्यायमूर्ती रानडे यांची प्रस्तावना लाभली. यानंतर गो. स. सरदेसाई यांनी निवडक कागदांचे ४५ खंड १९३०–३४ या काळात संपादिले. या कामास यदुनाथ सरकार यांचे साहाय्य लाभले. संपूर्ण संग्रहाच्या मानाने हा छापील भाग अल्पच आहे.

लढाया व तह यांपेक्षा दुष्काळातील सूट, बाजारभाव, कारागिरांची मजुरी, जातिपंचायतींचे निवाडे अशा बाबींसाठी या दफ्तराचे मोल अधिक आहे. जुन्या अभिलेखांची गरज संशोधकांपुरतीच मर्यादित नाही, याचा प्रत्यय २०२३ मध्ये आला. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची निकड भासली. कागद सुरक्षित ठेवणे हे अभिलेखागाराचे निम्मे कार्य होय. तो वाचू शकणारी माणसे तयार करणे हे उरलेले निम्मे.