पळताना पाय का पेटतात?

क्विन्सी विल्सन हा अमेरिकेतल्या मेरीलँडमधला धावपटू. 2024 मध्ये, शाळेत असतानाच, अवघ्या 16 व्या वर्षी तो 400 मीटर 44.20 सेकंदांत धावला. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या रिलेतही उतरला!

400 मीटर म्हणजे मैदानाची एकच फेरी. पण शेवटच्या शंभर मीटरला भल्याभल्यांचे पाय उचलत नाहीत. का बरं?

जीव खाऊन पळताना स्नायूंना शक्ती लागते ती आत्ताच्या आत्ता. पहिले काही सेकंद स्नायूंतल्या क्रिएटिन फॉस्फेट या रसायनाच्या साठ्यावर भागतं. पुढे श्वासातला ऑक्सिजन पुरत नाही. मग स्नायू ऑक्सिजनशिवायच साखर फोडायला लागतात. शक्ती झटपट मिळते, पण आम्लता वाढते, साखर फुटून तयार होणारं लॅक्टेट साचतं आणि मांड्या पेटल्यासारख्या होतात.

या लॅक्टेटला अनेक वर्षं लोक कचराच समजत. खरं तर अमेरिकेतल्या बफेलो शहरात गर्टी आणि कार्ल कोरी या शास्त्रज्ञ जोडप्याने 1929 मध्येच त्याचा प्रवास मांडला होता: लॅक्टेट रक्तातून यकृतात जातं आणि तिथे त्याची पुन्हा साखर होते! पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे शास्त्रज्ञ जॉर्ज ब्रुक्स यांनी दाखवून दिलं, की हृदय आणि इतर स्नायू लॅक्टेट थेट इंधन म्हणूनही वापरतात. गुऱ्हाळात रस काढून उरलेलं चिपाड चुलवाणात घालतात ना, अगदी तसं.

आता खरी गंमत. थोडं अंतर सुसाट पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं, असा सराव काही आठवडे केला की शरीर बदलू लागतं. साखर फोडणारी विकरं (एन्झाइम्स) वाढतात. लॅक्टेटची ने-आण करणारी प्रथिनं वाढतात. आम्लता आवरायची ताकद येते. वेगवान स्नायुतंतू जाड होतात आणि मेंदूही एका दमात जास्त तंतूंना कामाला लावतो. मांड्या पेटायच्या थांबत नाहीत, पण उशिरा पेटतात! हे बदल घडतात मात्र विश्रांतीच्या वेळी. म्हणून रोज रोज दमछाक नको.

आणि हो, दुसऱ्या दिवशी पाय दुखले तर लॅक्टेटला दोष देऊ नका. ते साधारण तासाभरात ओसरलेलं असतं.

करून पाहा: अंग मोकळं करून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुसाट पळा आणि थांबा. पाय थांबले तरी धाप किती वेळ चालते, ते घड्याळात बघा. त्या वेळात शरीर संपलेला साठा पुन्हा भरत असतं. महिनाभर सराव करून पुन्हा मोजा, काय फरक पडतो ते वहीत लिहा!