यंत्राला शिकविताना

मुलांनो, संगणक हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर कोणते चित्र उभे राहते? टेबलावरील उजळ पडदा आणि त्यापुढे मांडलेल्या अक्षरांच्या कळा, होय ना? परंतु ज्यांना पडदाही नाही आणि अक्षरांच्या कळाही नाहीत, असे कितीतरी संगणक आपल्या अवतीभोवती मुकाट्याने काम करीत असतात. कापसाच्या बाजारातील इलेक्ट्रॉनिक काट्यात असा संगणक असतो. भिंतीवरील विजेच्या नव्या मीटरमध्ये तो असतो. कपडे धुण्याच्या यंत्रात, मोटारगाडीत आणि निवडणुकीच्या मतदान यंत्रातही तो असतो. यंत्राच्या पोटात बसून नेमून दिलेले एकच काम अखंड करीत राहणाऱ्या या संगणकाला ‘एम्बेडेड’ म्हणजे आत बसविलेला संगणक असे म्हणतात.

हा इवलासा संगणक आला तरी कोठून? १९६९ साली माणूस प्रथम चंद्रावर उतरला, तेव्हा त्याच्या यानात मार्ग दाखविणारा एक संगणक होता. त्याचे वजन सुमारे ३२ किलो होते. पुढे १९७१ साली अमेरिकेतील इंटेल या कंपनीने ‘४००४’ नावाचा प्रक्रियक विक्रीस आणला. एका जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी त्याची मूळ रचना करण्यात आली होती. करंगळीच्या नखाहूनही लहान अशा सिलिकॉनच्या तुकड्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर कोरलेले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी दारे ही सर्व एकाच तुकड्यावर मावू लागली. अशा तुकड्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात. आज एका वहीच्या किमतीतही तो मिळू शकतो.

अशी यंत्रे घडविणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, असा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचे घर अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात. अमरावतीस १९६४ साली स्थापन झालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात तो शिकला आणि नोकरीनिमित्त पुण्यास गेला. सुटीत आला की मला भेटल्यावाचून राहत नाही. एकदा मी त्यास सहज विचारले, “काय रे, यंत्राला शिकवितोस तरी कसे?”

तो म्हणाला, “सर, तुम्ही आम्हांला शिकवीत होता त्याहून हे फार सोपे आहे आणि फार कठीणही. सोपे यासाठी की यंत्र कधी आळस करीत नाही. कठीण यासाठी की यंत्र कधी शंका विचारीत नाही. मी चुकीचे सांगितले, तर ते चूकच अगदी मन लावून करीत राहते.”

मग त्याने मला स्वतःचाच एक अनुभव सांगितला. वरूड आणि मोर्शी हे तालुके संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत, हे तुम्हांस ठाऊक असेलच. या मुलाच्या काकांचीही तेथे बाग आहे. तेथे अनेक वर्षे शेतीपंपांना वीज आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळत असे. रात्रीची पाळी आली की काका हातात विजेरी घेऊन अंधारात बांधावरून चालत विहिरीवर जात. हिवाळ्यात थंडी, पावसाळ्यात चिखल आणि बाराही महिने सापविंचवाचे भय. पुतण्याच्या मनात आले, की आपण शिकलो त्याचा काकांना काही उपयोग व्हावा. त्याने एक छोटे यंत्र तयार केले. त्याच्या दोन धातूच्या सळ्या मातीत रोवलेल्या होत्या. माती ओली असली की त्यांच्यामधून विजेचा अत्यल्प प्रवाह सहज वाहतो. माती सुकली की तो कमी होतो. यंत्र तो प्रवाह मोजी आणि ठरविलेल्या आकड्याखाली तो गेला की पंप चालू करी. नोव्हेंबर महिनाभर यंत्राने उत्तम काम केले. काका रात्री घरी निजू लागले. काकूंना तर विशेष आनंद झाला.

डिसेंबरात मात्र काकांचा पुण्यास फोन गेला. आपल्या वऱ्हाडी बोलीत ते म्हणाले, “अरे बाप्पा, झाडाले तान देल्ला हाय, अन् तुहं यंत्र रातभर पाणी काहून देऊन रायलं?”

ताण म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे त्यांना सांगावयास नको. संत्र्याचे झाड सतत पाणी मिळत राहिले की पालवीतच रमते. त्यास फुले येतात, पण थोडी आणि मागेपुढे. म्हणून बागाईतदार फुले हवी असतील त्याआधी काही काळ झाडाचे पाणी जाणूनबुजून बंद करतात. जमीन भारी आहे की हलकी, त्यावर हा काळ कमीअधिक असतो. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होऊन त्यांतील काही गळतातही. परंतु या विश्रांतीत झाड आपल्या अंगी अन्नाचा साठा करते. मग खत आणि पाणी मिळताच ते एकदम फुलांनी बहरून जाते. डिसेंबर-जानेवारीत ताण दिला की जानेवारी-फेब्रुवारीत जो बहर येतो, तो आंबिया बहर. मे महिन्याच्या ताणानंतर पावसाच्या प्रारंभी येतो, तो मृग बहर.

यंत्राला यातले काय ठाऊक? माती सुकली की पाणी द्यावे, एवढेच त्यास शिकविले होते आणि तेवढेच त्याने इमानाने केले. काकांच्या ध्यानी येईपर्यंत चार रात्री पाणी पडून गेले होते. बागेच्या त्या भागात ताण तुटला आणि त्या वर्षी तेथील आंबिया बहर विरळ आला. शेतकऱ्याच्या घरी विरळ बहर म्हणजे वर्षाच्या मिळकतीत खोट.

“काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत, म्हणून अधिकच वाईट वाटले,” तो सांगत होता. “मी यंत्राला माती वाचावयास शिकविले होते. पण झाड कसे वाचावे, हे मी स्वतःच कधी शिकलो नव्हतो. ज्या अंगणात मी लहानाचा मोठा झालो, तेथलीच विद्या मला येत नव्हती.”

पुढच्या सुटीत तो वही घेऊन काकांजवळ बसला. कोणत्या महिन्यात किती पाणी, काळ्या जमिनीत किती आणि मुरमाड जमिनीत किती, पाने कशी दिसली म्हणजे ताण पुरा झाला, हे सारे त्याने विचारून लिहून घेतले. मग यंत्राच्या पेटीवर त्याने एक नवे बटन बसविले आणि त्याखाली ‘ताण’ हा शब्द लिहिला. ते दाबले की यंत्र मातीचा ओलावा नुसता मोजते; पाणी मात्र देत नाही. ताण केव्हा तोडावयाचा, हे काका झाडाकडे पाहून ठरवितात.

यंत्राची परीक्षा प्रयोगशाळेत होते, परंतु त्याचा खरा कस शेतातच लागतो, असेही तो म्हणाला. पुण्याच्या थंड खोलीत उत्तम चालणारी पेटी आपल्या अकोल्याच्या मे महिन्यात टिकावयास हवी, आणि तेथे तर पारा ४५ अंशांच्याही वर जातो. पंपाच्या पेटीत मुंग्या घर करतात, पाली शिरतात, पावसाळ्यात ओल धरते. यांपैकी कशाचाही उल्लेख त्याच्या पुस्तकात नव्हता. पुस्तकातले ज्ञान खोटे नव्हते. ते फक्त अपुरे होते.

आता दुसरा प्रसंग मी स्वतः पाहिलेला सांगतो. माझे गाव अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या बाजूस आहे. अकोल्याकडे पूर्णा नदीच्या काठी खारपाणपट्टा पसरलेला आहे, तेथील विहिरींचे पाणी खारट. आमच्याकडे मात्र विहिरींना गोडे पाणी आहे. त्यामुळे हिवाळ्यात हरभरा आणि गहू यांस पाणी देता येते. गावाबाहेर एक रोहित्र आहे. शेतकरी त्यास ‘डीपी’ म्हणतात. त्यावर दहा पंप चालतात. रात्री उठावे लागू नये म्हणून दहाही जणांनी आपापल्या पंपास स्वयंचलित कळ बसवून घेतली. वीज आली की पंप आपोआप चालू! काही दिवस सर्वांना मोठे सुख वाटले. आणि एके रात्री, हरभरा ऐन फुलोऱ्यात असताना, रोहित्र जळाले.

असे का व्हावे? थोडे गणित करून पाहू. पाच अश्वशक्तीच्या पंपाची मोटार चालत असताना तिला प्रत्येक तारेतून सुमारे साडेसात अँपियर प्रवाह लागतो. दहा मोटारींचे झाले पंचाहत्तर. आमचे रोहित्र ६३ केव्हीए क्षमतेचे होते. ते सुमारे ८४ अँपियर प्रवाह पेलते. म्हणजे दहा पंप त्यावर चालावयास हरकत नव्हती. परंतु थांबलेली मोटार फिरू लागते त्या क्षणी तिला नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह लागतो. भरलेली बैलगाडी चालती ठेवण्यास बैलांना जेवढा जोर लागतो, त्याहून कितीतरी अधिक ती जागची हलविण्यास लागतो, तसेच हे. एक मोटार चालू झाली तर हा भार क्षणभरच असतो. दहाही एकाच क्षणी चालू झाल्या, तर पंचाहत्तरांचे साडेचारशे होतात! मग विजेचा दाब उतरतो. दाब उतरल्याने मोटारींना वेग घेता येत नाही. वेग न आल्याने त्या जास्त प्रवाह ओढीतच राहतात. रोहित्रातील तेल तापते, तारांवरील वेष्टन करपते. रात्रीमागून रात्री असे घडत गेले आणि शेवटी रोहित्र निकामी झाले.

नवे रोहित्र येईपर्यंत पाणी बंद. शेतकरी एकमेकांस दोष देऊ लागले. कोणी म्हणे तुझी मोटार जुनी, कोणी म्हणे तुझी तार सैल. वास्तविक कोणाचीही कळ बिघडलेली नव्हती. दहा कळा आपापल्या कामात बिनचूक होत्या. परंतु शेजारी आणखी नऊ आहेत, हे त्यांतील एकीलाही ठाऊक नव्हते.

मी माझ्या विद्यार्थ्यास पत्र लिहिले. तो आला, त्याने पंप पाहिले आणि मारुतीच्या देवळात सर्वांना बसवून उपाय सांगितला. त्याने दिलेले नवे यंत्र वीज आली की प्रथम तिन्ही तारांत दाब पुरेसा आहे की नाही हे पाहते, आणि नंतर ठरविलेले सेकंद थांबून मग पंप चालू करते. पहिल्याने दहा सेकंद थांबावयाचे, दुसऱ्याने वीस, तिसऱ्याने तीस, असे करीत दहाव्याने शंभर. दोन मिनिटांच्या आत सर्व पंप चालू होतात, परंतु एकापाठोपाठ एक.

“मात्र एक गोष्ट यंत्राच्या हाती नाही,” तो शेवटी म्हणाला. “प्रत्येक पेटीत सेकंद ठरविण्याची खुंटी आहे. ती फिरवून कोणीही आपला आकडा पहिला करू शकेल. सर्वांनी तसे केले, तर पुन्हा पहिल्यासारखेच होईल.”

सभेत क्षणभर कोणी बोलेना. मग ज्यांचा हरभरा सर्वांत अधिक वाळला होता, ते वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, “माहा नंबर शेवटी लावा.” त्यानंतर पहिल्या क्रमांकासाठी भांडण झाले नाही. दहा जणांनी आपापला क्रमांक पेटीच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवला. त्यानंतर आजवर ते रोहित्र जळालेले नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी काहीजण पुढे अभियंते होतील, काहीजण शेती करतील, काहीजण आणखी काही करतील. परंतु यंत्रे तुम्हां सर्वांनाच वापरावी लागतील. यंत्र वेगाने मोजते, न कंटाळता पहारा देते आणि दिलेला शब्द पाळते. रात्रीच्या अंधारात बांधावरून चालणाऱ्या माणसाचे कष्ट ते वाचविते, ही काही लहान गोष्ट नव्हे. म्हणून यंत्रास नावे ठेवू नका. परंतु संत्र्याच्या झाडास विश्रांती हवी असते, हे त्यास काकांनी सांगावे लागले. आणि शेजाऱ्यासाठी दहा सेकंद थांबावे, हे गावाने. म्हणून कोणतेही यंत्र हाती घेताना ते कसे चालते हे समजून घ्या, ज्याच्यासाठी ते आहे त्याला दोन प्रश्न विचारा, आणि तेच यंत्र आपल्या सर्व शेजाऱ्यांनीही चालविले तर काय होईल याचा विचार करा.

माझा विद्यार्थी आता नवे यंत्र करावयास घेतले की पुण्याहून आधी वरूडला येतो. काकांबरोबर बागेतून एक फेरी मारतो आणि मगच आपल्या वहीचे पहिले पान उघडतो.