राजपुत्राची हरवलेली सावली

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या व्हिडिओ गेमनें आमच्या घरांत प्रथम कलहच आणिला. चिरंजीव शाळेंत होते. अभ्यास टाकून संगणकावर उड्या मारणाऱ्या त्या इराणी राजपुत्रावर आमचा इतका रोष, कीं एकदां आम्हीं कळफलकच कपाटांत कुलूपबंद केला. पुढें मात्र रात्रीं दाराआड उभे राहून तो खेळ पाहण्याची आम्हांसच चटक लागली!

जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणानें तो १९८९ सालीं सिद्ध केला. धाकट्या भावास धावावयास लावून त्याचें चित्रण केलें, व त्यावरून राजपुत्राच्या हालचाली उतरविल्या. कथा साधी. वजीर जाफर राजकन्येस एका तासाची मुदत देतो. तेवढ्या अवधींत राजपुत्रानें तळघरांतून वर पोहोंचावयाचें. वाटेंत आरसा आडवा येतो. त्यांतून उडी घेतांच राजपुत्राची सावली सुटी होऊन पळते. पुढें ती त्याचें औषध पिते, दार लावून त्यास खालीं पाडते. अखेर दोघे तरवारी उपसतात. पण सावलीवर केलेला वार राजपुत्रासच लागतो! तरवार म्यान करून तो पुढें होतो, दोघे एकरूप होतात, आणि जेथें नुसती पोकळी होती तेथें पावलागणिक फरशी प्रकट होते. अद्वैत शिकवितांना आम्ही जन्मभर रज्जुसर्पाचाच दृष्टांत देत आलों. हा त्याहून सरस. गंमत अशी, कीं संगणकाच्या तोकड्या स्मृतींत नवें पात्र मावेना, म्हणून मेक्नरनें राजपुत्राच्याच आकृति किंचित् सरकवून ही सावली घडविली.

२०१० सालीं माईक न्यूएल यांनीं काढलेला चित्रपट पाहावयास चिरंजीवच आम्हांस घेऊन गेले. सैन्यें, वाळवंट, शहामृगांच्या शर्यती—कशाचीच वाण नव्हती. पण त्याचा आधार याच मालिकेंतील २००३ सालचा दुसरा खेळ. त्यांत काळ मागें फिरविणारा खंजीर आहे. शेवटीं तो चालतो आणि मेलेले बाप-भाऊ पुन्हां उभे राहतात. मग त्यांच्यासाठीं आम्हीं डोळे कशास पुसावे?

आम्ही काढूं तो चित्रपट बरोबर साठ मिनिटांचा असेल. खंजीर नाहीं, पडलेला कण परत वर जाणार नाहीं. संवाद थोडे. राजपुत्र व सावली एकाच नटानें करावीं, आणि अर्ध्या तासापर्यंत प्रेक्षकांस सावलीचा मनस्वी संताप यावा. पोकळींत पहिलें पाऊल पडेल तेव्हां वाद्यें बंद.

घरीं परततांना हें सारें सांगितलें. “तासाभराच्या चित्रपटाचें तिकीट कोण काढील, अण्णा?” चिरंजीव हंसले. मग थबकून म्हणाले, “पण तरवार म्यान करायची, हें तुम्हांला कसें ठाऊक?”

“तुझ्या मागें, दाराआड उभे होतों,” आम्ही म्हणालों.

नाक्यापर्यंत ते कांहीं बोलले नाहींत.