एका पेशीची गाठ

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फायब्रॉइड’ वाचलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: कॅन्सर तर नाही ना? जवळजवळ कधीच नसतो. गर्भाशयाच्या स्नायूतच वाढलेली ही गाठ असते. काढून चिरली, तर आत पांढुरके, चिवट धागे दोऱ्याच्या गुंड्यासारखे वेटोळे घालून बसलेले दिसतात. तिने पिशवी किती फुगली हे डॉक्टर गरोदरपणाच्या हिशेबात सांगतात, ‘बारा आठवड्यांएवढी आहे’, आणि पोटात मूल नसलेली बाई ते ऐकून चक्रावते. पण खरं चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. ही एवढी गाठ निघते ती एका, अक्षरशः एकाच पेशीतून.

हे कळलं कसं, ते तर त्याहून भारी. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, एक आईकडचं, एक वडिलांकडचं. ती स्वतः गर्भात असतानाच तिची प्रत्येक पेशी त्यांतलं एक बंद करून टाकते. कोणतं, याला काही नियम नाही. पण एकदा ठरलं की त्या पेशीची पुढची सगळी पिलावळ तेच पाळते. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमचं जनुक याच एक्सवर बसलेलं आहे. त्याचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येतात, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत दोन्ही सर्रास आढळतात. म्हणून १९६५ साली डेव्हिड लिंडर आणि स्टॅन्ली गार्टलर यांनी दोन्ही प्रकार अंगात असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची गर्भाशयं तपासली. निरोगी स्नायूत ए आणि बी मिसळलेले होते. गाठीत मात्र एकच. एका गाठीत नुसता ए, तर त्याच पिशवीतल्या दुसरीत नुसता बी! म्हणजे शेजारी शेजारी वाढलेल्या गाठींचंही एकमेकींशी नातं असतंच असं नाही. पुढे २०११ मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांना सुमारे ७० टक्के गाठींत एकाच जनुकात बिघाड सापडला. त्या जनुकाचं नाव एमईडी-१२, आणि गंमत म्हणजे तेही एक्सवरच.

ज्यांच्या शरीरांनी ही साक्ष दिली, त्यांनाच हा आजार सर्वांत जास्त छळतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी डोना बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनमधल्या ३५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची सोनोग्राफी केली. तक्रार असो वा नसो, सरसकट. पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय आणि जवळपास ७० टक्के गोऱ्या स्त्रियांना गाठी होतात, असा त्यांचा अंदाज निघाला. बहुतेकींना त्यांचा पत्ताही नसतो. मला या आकड्यांत महत्त्वाचं वाटतं ते वय. पन्नाशीला दोन्ही गट फार लांब नाहीत; पण कृष्णवर्णीय स्त्रियांना गाठी कितीतरी आधी होतात, मोठ्या होतात, संख्येनेही जास्त असतात. मूल हवं असण्याच्या वयातच रक्तस्राव, ॲनिमिया आणि ऑपरेशनचा प्रश्न येऊन उभा राहतो.

कारण एकच नाही. काळ्या त्वचेत उन्हाने ड जीवनसत्त्व कमी बनतं, आणि ते पुरेसं असलेल्या स्त्रियांत गाठी कमी आढळल्या आहेत. केस सरळ करणाऱ्या रासायनिक क्रीमवरही संशय आहे. पाळी लवकर सुरू होणं धोका वाढवतं, बाळंतपण कमी करतं. बाळंतपणानंतर किलोभराचं गर्भाशय सहा आठवड्यांत पाऊणशे ग्रॅमच्या आसपास येतं, आणि त्या आवराआवरीत काही लहान गाठीही नाहीशा होतात.

मग २००८ साली आणखी एक कोडं पुढे आलं. ७२ स्त्रियांच्या गाठी एमआरआयने मोजत गेल्यावर दिसलं की एकाच बाईच्या अंगात, त्याच संप्रेरकांवर पोसलेल्या गाठींपैकी एक फोफावते तेव्हा दुसरी आक्रसत असते. वय वाढलं तसा गोऱ्या स्त्रियांच्या गाठींचा वाढीचा वेग मंदावला. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गाठींचा मंदावला नाही. पाळी गेल्यावर गाठी सहसा आपोआप आकसतात, म्हणून ‘थोडी कळ काढा’ हा सल्ला चाळिशी ओलांडलेल्या बाईला अनेकदा दिला जातो. त्या सल्ल्याची किंमत प्रत्येकीला सारखी पडत नाही.

आपल्याकडे कळ काढायला उसंत किती जणींना असते? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचं २०१९ साली सर्वेक्षण झालं, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सगळ्याच काही फायब्रॉइडच्या नव्हत्या. पण अंगावरून जास्त जात असलं, तरी फडावर खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि उचल तर आधीच घेतलेली असते.